घोटलेला हात सोडवायचा कसा? (नाइव्ह धाटणीची अर्धअमूर्त चित्रं)

चित्रकलेच्या बाई

नमस्कार मंडळी. इथे वाचत असते नेहमी, लिहितेय पहिल्यांदाच.

मी ए.टी.डी. (चित्रकला शिक्षकाची पदविका) केलेली, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली चित्रकला शिक्षिका. वाईकडची. सगळी नोकरी एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं बसवण्यात गेली. वस्तुचित्राला तांब्या, दोन कांदे आणि मागे चुण्या पडलेलं फडकं. स्मरणचित्राला बाजार, बसथांबा नाहीतर जत्रा. पुढे तीन माणसं मोठी, मागे गर्दी बारीक, एक झाड तिरकं घातलं की ग्रेड कुठे जात नाही. ‘तांब्याच्या तोंडाला टोकं नसतात रे’ हे वाक्य तर मी झोपेतही बरळत असेन.

आता वेळच वेळ आहे. पुतणीने माधवी पारेखांच्या चित्रांचा एक कॅटलॉग आणून दिला आणि माझी झोप उडाली. मधोमध एक थोरली आकृती. देवी म्हणावी तर देवी, प्राणी म्हणावा तर प्राणी. तिच्या पोटात आणखी जिवं, अंगावर ठिपक्यांच्या ओळी, आणि कडेने किनारीसारखे छोटे छोटे चेहरे, सगळे आपल्याकडे टक लावून बघणारे. सावली नाही, क्षितिज नाही, मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो याची कुणाला फिकीर नाही. माझ्या वर्गात असं चित्र आलं असतं तर मी शेजारी पेन्सिलीने ‘प्रमाण?’ असं लिहिलं असतं. आणि आता तेच मी तासन्‌तास बघत बसते.

तसं काही, म्हणजे न शिकल्यासारखं भाबडं (‘नाइव्ह’ म्हणतात ते) आणि अर्धंच ओळखू येणारं (अर्धअमूर्त), करून बघावं म्हणून बसले तर जमतच नाही. हात तांब्याचं तोंड बरोब्बर लंबवर्तुळाकार काढून मोकळा होतो. मुद्दाम वाकडं काढलं तर मोठ्या माणसाने बोबडं बोलून दाखवावं तसं ओशाळवाणं दिसतं. तर विचारायचं हे, की शिकलेल्या माणसाला ही वाट बंदच असते का? की कुणी शिकून, नंतर ते बाजूला ठेवून असं काम केलंय? आजच्या चित्रकारांतली नावं सांगा, म्हणजे बघता येईल. ‘मनापासून काढा, आपोआप येईल’ असं कृपा करून सांगू नका. ते मी स्वतः मुलांना फार वेळा सांगितलंय.

सहज

बाई, वारली करा ना. त्रिकोण आणि गोल, सोपं असतं एकदम. आमच्या हिने वर्कशॉपमध्ये दोन तासांत कॉफीचा मग रंगवला.

वाकडी रेघ

बाई, नमस्कार. मी पुण्यात रंगकाम करतो (कॅनव्हासवरचं, भिंतीचं नव्हे).

माधवीताई कलाशाळेत गेल्या नाहीत हे खरं. पण ‘शिकल्या नाहीत’ म्हणाल तर ते बरोबर नाही. जन्म १९४२चा, अहमदाबादजवळच्या संजाया गावातला. वडील शिक्षक, गांधीवादी. लहानपणी गावातल्या मुली करतात तेवढं, रांगोळी आणि भरतकाम. मग चित्रकार मनू पारेखांशी लग्न. ते आपल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे. १९६४ साली पहिल्या बाळाच्या वेळी माधवीताईंनी चित्र काढायला घेतलं, तेव्हा मनूभाईंनी त्यांच्यापुढे ठेवली ती पाउल क्ले या चित्रकाराची अभ्यासवही. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवताना क्लेने तयार केलेली, १९२५मध्ये छापलेली. तिची सुरुवातच अशी आहे की एक बिंदू फिरायला निघतो आणि त्याची रेघ होते. मग रेघ वळते, स्वतःभोवती गुंडाळते, तिच्यातून चौकोन होतो, त्रिकोण होतो. हे धडे माधवीताईंनी गिरवले, बाई. अगदी तुमच्या मुलांनी संकल्पचित्र गिरवावं तसे. आणि त्यातून जेव्हा आकृत्या यायला लागल्या तेव्हा त्या संजायातल्या आल्या.

म्हणजे हात त्यांचाही घोटलेलाच आहे. तो तांब्यावर घोटलेला नाही, ठिपका आणि रेघ यांच्यावर घोटलेला आहे, एवढाच फरक. म्हणून त्यांची वाकडी मान वाकडी वाटत नाही. ती कशाची तरी बिघडलेली नक्कल नसतेच मुळी.

आता तुमचा दुसरा प्रश्न, शिकून मग बाजूला ठेवलेल्यांचा. त्यासाठी अर्पिता सिंह बघा. जन्म १९३७. दिल्ली पॉलिटेक्निकमध्ये रीतसर शिक्षण, १९५९ला बाहेर पडल्या, पुढे वीव्हर्स सर्व्हिस सेंटर या हातमागाच्या सरकारी केंद्रात काम. म्हणजे हात पक्का बसलेला. आणि सत्तरच्या दशकात या बाईने काय केलं, तर आकृती सोडूनच दिली. कित्येक वर्षं कागदावर नुसते ठिपके, फटकारे, आडव्या-उभ्या रेघा. तुरपाई चालावी तशा. पुढे माणसं परत आली ती वेगळीच होऊन आली. थुलथुलीत, हवेत तरंगणाऱ्या बायका, खेळण्यातल्यासारखी विमानं आणि मोटारी, फुलं, बंदुका, मध्येच आकडे आणि अक्षरं पसरलेली. बंगालकडच्या कंथा भरतकामाचा भास होतो तो उगाच नाही. २०२५मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीत त्यांचं मोठं प्रदर्शन झालं.

म्हणून माझा सल्ला असा: वाकडं काढायच्या भानगडीत पडू नका. काही दिवस वस्तूच काढू नका. ठिपके काढा. पान भरा, कडेपासून आत भरत या. तुमचा हात ‘चूक-बरोबर’ ठरवतो तो समोर वस्तू असते म्हणून. ठिपक्याला चूक-बरोबर काय असणार?

जाता जाता, १९८७ ते ८९ या काळात नलिनी मलानी, निलिमा शेख, अर्पिता सिंह आणि माधवी पारेख या चौघींनी मिळून एक फिरतं प्रदर्शन केलं होतं, भोपाळच्या भारत भवनपासून सुरुवात करून. चौघींत कलाशाळेत न गेलेल्या माधवीताई एकट्याच. त्या काळातली चौघींची कामं शेजारी ठेवून बघा. कोण शिकलेली आणि कोण नाही हा प्रश्न तिथेच फिजूल वाटायला लागतो.

डहाणू लोकल

@सहज, दोन तासांत मग रंगवला, छान. त्याला वारली म्हणू नका एवढंच.

बाई, वारली बघा जरूर, पण ‘नाइव्ह’च्या खणात टाकू नका. ते काही कुणा एकट्याचं भाबडेपण नाही, त्याला घराणं आहे. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, सवाशिणी लिहायच्या. हो, ‘लिहायच्या’ असंच म्हणतात. तांदळाच्या पिठाचा पांढरा, बांबूच्या काडीचं टोक चेचून केलेला कुंचला, मध्ये पालघट ही वारल्यांची देवी. तो लग्नापुरताच. जिव्या सोमा मशे यांनी ते लग्नाच्या बाहेर काढलं आणि बायकांच्या त्या कामाला पुरुषमाणूस बसला, तोही रोज. चित्रकार भास्कर कुलकर्णी सत्तरच्या दशकात डहाणूकडच्या पाड्यांवर फिरले आणि त्यांनी कागद पुरवला, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

मशेंचं जाळ्याचं चित्र मिळालं तर बघा. कोळ्याने फेकलेलं जाळं. जवळजवळ सगळा कागद बारीक रेघांच्या त्या विणीनेच भरलेला, माणूस एका कडेला इवलासा. ‘त्रिकोण आणि गोल’ त्यात शोधून दाखवा. २००३मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर त्यांचं काम मांडलं गेलं. २०११ला पद्मश्री, २०१८मध्ये गेले. आमच्या गाडीच्या डब्यावरच्या नक्षीकडे बघून लोक ‘वॉव’ म्हणतात आणि त्यांचं नाव विचारलं की गप्प.

सहज

बरं बाबा, वारली नाही, नुसता रंगवलेला मग.

हिशेबनीस

मी ऑडिटवाला माणूस, चित्रांतलं शास्त्र कळत नाही. पण आमच्या जातकुळीतला एक थोर चित्रकार होऊन गेला म्हणून लिहितो. भूपेन खक्कर. मुंबईचा, जन्म १९३४चा, चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ला बडोद्याला गेला, तिथे कलासमीक्षेचा अभ्यासक्रम केला, चित्रकलेचा नव्हे. आणि पुढे बरीच वर्षं अर्धा वेळ हिशेब, अर्धा वेळ चित्रं असा संसार केला. (मला अर्धा वेळ बायको सांगेल ते काम असतं.)

त्याच्या ‘जनता वॉच रिपेअरिंग’मधला घड्याळजी बघा, १९७२चा. पाटीवरची अक्षरं, भिंतीवर घड्याळं आणि मध्ये बसलेला तो माणूस, जणू स्टुडिओत फोटोला बसलाय. त्याच वर्षीचं शिंप्याच्या दुकानाचं आहे, पुढच्या वर्षीचं न्हाव्याच्या दुकानाचं. हाताची बोटं धड नाहीत, खुर्ची कुठल्या कोनातून काढलीय पत्ता नाही. पण भूपेन भाबडा नव्हता हो. फ्रान्सचा तो जकात खात्यातला चित्रकार हेन्री रूसो त्याला पाठ होता, कंपनी शैली (ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात देशी चित्रकारांनी साहेबांसाठी काढलेली चित्रं) माहीत होती, बाजारातली देवादिकांची कॅलेंडरं तो गोळा करायचा. गुळगुळीत चित्रकलेत घड्याळजीला जागाच नव्हती, म्हणून त्याने ही अवघडलेली पद्धत घेतली. घड्याळजी चित्रात बसताना अवघडणारच ना.

२०१६ला लंडनच्या टेट मॉडर्नने त्याचं मोठं प्रदर्शन केलं तेव्हा तिकडच्या एका समीक्षकाने हा दुय्यम दर्जाचा चित्रकार म्हणून धुतलं होतं. म्हणजे बाई, तुमचं ‘प्रमाण?’ तिकडेही पोचलेलं आहे.

आता जरा कडू. या धाटणीच्या नावाखाली आज जे विकलं जातं त्यातलं बरंचसं सोफ्याच्या मागे लावायचं सामान आहे. बदामी डोळ्यांच्या बायका, कमळ, बैल, वर सोनेरी वर्ख. तेच बैल दुसऱ्या चित्रात उजवीकडे तोंड करून. अर्पिताबाईंचं ‘विश ड्रीम’ २०१०च्या लिलावात साडेनऊ कोटींच्या वर गेलं, तेव्हा पुष्कळांना वाटलं की मोठं डोकं आणि लहान पाय काढले की झालं. त्यांच्या त्या ठिपक्यांच्या वर्षांचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही. वाकडी रेघ यांनी तो वर सांगितलाय, मला हे ठाऊक नव्हतं, आभार.

कुडकुडे

इंग्लंडातून लिहितोय. बाईंच्या प्रश्नाला इकडचं एक सरळ उत्तर आहे: रोझ वायली.

ही बाई पण १९३४ची. (मशे, भूपेन आणि ही, तिघं एकाच सालातली. योगायोग, पण मला गंमत वाटली.) तरुणपणी कलाशाळेत शिकली, मग लग्न, मुलं, कामाला खीळ. चाळिशी उलटल्यावर पुन्हा लंडनच्या रॉयल कॉलेजमध्ये, १९७९ ते ८१. त्यानंतरही कुणी फारसं विचारलं नाही. २०१४ला जॉन मूर्स हे इकडचं चित्रकलेचं पारितोषिक मिळालं तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होती. केंटमधल्या खेड्यातल्या घरात काम करते. कॅनव्हास चौकटीवर ताणतही नाही, अस्तरही देत नाही. त्यावर सिनेमातले प्रसंग, फुटबॉलपटू, राण्या, मांजरं, वर हाताने लिहिलेली नावं. आकृती बिघडली तर खोडत बसत नाही, त्यावर कॅनव्हासचा तुकडा चिकटवते आणि पुढे जाते. ठिगळ स्पष्ट दिसतं, दिसू देते.

मला महत्त्वाचं वाटतं ते असं की ती आठवणीतून काढते, आणि एकच गोष्ट कागदावर पुन्हा पुन्हा काढून बघते. सिनेमा बघून आल्यावर जे डोक्यात उरलं तेवढंच. एखाद्या नटीची फक्त बूट आणि बट उरली असेल तर चित्रात बूट आणि बट. बाकीचं ‘आठवून भरायचं’ नाही. तुमचं स्मरणचित्र याच्या बरोब्बर उलट आहे बघा. तिथे न आठवलेलंही घालावं लागतं, झाड तिरकं.

दुसरं टोक बघायचं तर केंब्रिजला केटल्स यार्ड या संग्रहालयात आल्फ्रेड वॉलिसची चित्रं आहेत. मी थंडीत तिथे जातो, आत ऊब असते हेही एक कारण. हा आजचा नव्हे, १८५५ ते १९४२. कॉर्नवॉलचा मच्छीमार, नंतर भंगारवाला. बायको गेल्यावर एकटेपणाला सोबत म्हणून सत्तरीच्या आसपास चित्रं काढायला लागला. जहाजाला लावायचा रंग आणि किराणा दुकानातल्या खोक्यांचे पुठ्ठे. पुठ्ठा जसा फाटलाय तसाच घ्यायचा आणि कोपरा तिरका असेल तर समुद्र तिरका करायचा. १९२८मध्ये बेन निकल्सन आणि ख्रिस्तोफर वुड हे दोन शिकलेले चित्रकार सेंट आइव्ह्‌जच्या गल्लीतून जाताना त्याच्या उघड्या दारातून आत डोकावले आणि थबकले. निकल्सनने त्याच्याकडून काय घेतलं बघा. बोटींचं ड्रॉइंग नाही घेतलं. पुठ्ठा घेतला. म्हणजे चित्र हे खिडकीसारखं आरपार न बघता एक वस्तू म्हणून हातात धरायचं, हे घेतलं. शिकलेल्या माणसाने न शिकलेल्याकडून घ्यायचं ते असं, असं मला वाटतं.

चित्रकलेच्या बाई

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. उत्तर द्यायला उशीर झाला कारण करून बघत होते.

ठिपक्यांनी सुरुवात केली. पहिल्या पानावरच ठिपके सरळ रांगेत आणि समान अंतरावर! तेही हाताने ठरवून टाकलं. मग ‘वाकडी रेघ’ म्हणाले तसं कडेपासून आत यायला लागले, तेव्हा जरा सुटलं, कारण मध्यभाग दिसेनासा होतो आणि रचना आधी ठरवता येत नाही.

मग मिठाईच्या खोक्याचं झाकण उलटं करून बावधनचं बगाड काढलं. इकडच्यांना माहीत आहे, रंगपंचमीला असतं. तो अवजड लाकडी गाडा, उंच शीड, वर टांगलेला माणूस, म्हणजे बगाड्या, आणि ओढणारे खिलार बैल, जोडीला जोडी. लहानपणापासून बघतेय. जत्रा म्हणून मुलांकडून स्मरणचित्रात कितीदा काढून घेतलंय, पण नेहमी बाजूने, पोलिसाच्या जागेवरून बघावं तसं. या खेपेला ‘कुडकुडे’ यांचं ऐकलं. जे उरलंय तेवढंच. तर काय उरलं होतं? बैलांची शिंगं. लहान मुलीच्या उंचीवरून गर्दीत दुसरं दिसतंय काय, सगळी मोठ्यांची कंबर आणि वर शिंगं. झाकणभर शिंगंच आली. पांढरी, निळसर, एकात एक अडकलेली. आणि वरच्या कोपऱ्यात, जिथे पुठ्ठ्याला घडी होती, तिथे बगाड्या, अंगठ्याएवढा. गाडा आलाच नाही. त्याचं चाक आठवतंय असं मला उगाच वाटत होतं. ते मी फोटोत बघितलेलं.

‘प्रमाण?’ लिहायची इच्छा झाली नाही. शिंगांच्या टोकांना मात्र हायलाइट दिलेत, राहवलं नाही.

हिशेबनीस, बैल आहेत म्हणून सोफ्याच्या मागे धाडू नका. सोनेरी वर्ख लावलेला नाही.

आता पुढचं विचारते. त्या कॅटलॉगमध्ये माधवीताईंची काही चित्रं ॲक्रिलिक शीटवर (काचेसारखं पारदर्शक प्लॅस्टिक), मागच्या बाजूने रंगवलेली आहेत. ‘लास्ट सपर’सुद्धा त्यांनी तसं केलंय. हे घरी जमण्यासारखं आहे का?

वाकडी रेघ

बाई, शिंगांचा फोटो टाका आधी.

आणि जमेल, का नाही जमणार. उलट तुमच्या दुखण्यावर हेच औषध आहे, मला आधी कसं सुचलं नाही! आपण कागदावर आधी पार्श्वभूमी घालतो, मग आकार, मग छायाप्रकाश आणि शेवटी बारकावे. शीटच्या मागून रंगवायचं तर सगळा क्रम उलटा. आधी डोळ्याची बाहुली, मग डोळा, मग चेहरा, मग चेहऱ्याच्या मागचं आभाळ. तुमचा तो हायलाइट सगळ्यात आधी द्यावा लागेल, शिंग अस्तित्वात यायच्या आधी. एकदा मागून रंग चढला की आत जाऊन दुरुस्ती नाही. घोटलेल्या हाताला ओळखीचा रस्ताच मिळत नाही.

हे आपल्याकडे जुनं आहे. काचेवर मागून रंगवलेली चित्रं पुण्याला केळकर संग्रहालयात बघायला मिळतील, पुण्याला आलात की जाऊ.

साहित्य साधं. पाट्या बनवणाऱ्याकडे शीटचे कापून उरलेले तुकडे असतात, दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पुरे. पहिल्यांदा वहीच्या पानापेक्षा मोठा घेऊ नका. दोन्ही बाजूंना फिल्म असते. रंगवायच्या बाजूची काढा, साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, वाळवा. गुळगुळीत असल्याने पातळ रंग गोळा होऊन पळतो, म्हणून ॲक्रिलिक रंग ट्यूबमधून जवळजवळ तसाच घ्या, पाणी नावाला. एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको, नाहीतर खालचा उचलला जातो. पुढच्या बाजूची फिल्म पारदर्शक असेल तर राहू द्या, ओरखडे पडत नाहीत. कागदी असेल तर मात्र काढावी लागेल, कारण मध्ये मध्ये उलटून बघायचं असतं. सगळ्यात शेवटी मागून पांढऱ्याचा एक सपाट हात, म्हणजे रंग उजळतात.

हिशेबनीस

चूक खोडता येत नाही, नोंद उलट्या बाजूला. मला हे माध्यम ओळखीचं वाटतंय.

चित्रकलेच्या बाई

वाईत पाटीवाला आहे, उद्याच जाते. एकच शंका. सही?

वाकडी रेघ

उलटी, आरशातली. आणि सगळ्यात आधी.